कावडीवरची ध्वजनौका: ‘प्रतिष्ठान’चा आराखडा आणि त्रेचाळीस वर्षांची सेवा

पहिल्या चित्रात तेरा तोफा होत्या, दोन झेंडे होते आणि सरखेलाची खोली आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढी होती. लांबी एक किलोमीटर, माणसं चारशे, वेग ‘प्रकाशाच्या निम्मा’. ड्रॉइंगचे चार कागद मागून चिकटपट्टीनं जोडून नववीतल्या एका मुलानं आठ दिवस खपून ते काढलं होतं. सगळी पोरं भोवती उकिडवी बसून तोफा मोजत होती. सातवीतली एक मुलगी मात्र चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेली, परत आली आणि म्हणाली, “सर, ह्याच्यात पाणी कुठंय?”

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत औसा तालुक्यातल्या आमच्या गावात अकरा मुलांनी मिळून एक हस्तलिखित केलं. विषय त्यांनीच निवडला: अवकाशातलं एक कल्पित आरमार, त्याची ध्वजनौका, तिचा आराखडा आणि ती दाखल झाल्यापासून निवृत्त होईपर्यंतचा सेवेचा इतिहास. मी गावातला विज्ञानाचा शिक्षक, म्हणून हिशेब तपासायचं काम माझ्याकडे आलं. नियम एकच ठेवला होता. आरमार, माणसं, मोहिमा खुशाल मनातल्या घ्या, पण वजन, उष्णता, पाणी आणि वेग यांचे नियम खरेच पाहिजेत. त्या नियमापायी पहिल्या चित्रातलं जवळजवळ काहीच टिकलं नाही. काय गेलं, त्याच्या जागी काय आलं आणि एक मोठी चूक आम्हाला कागदावरच्या एकविसाव्या वर्षी कशी सापडली, ते सगळं इथं सविस्तर मांडतो.

समुद्र नसलेल्या मुलखाचं आरमार

आधी ‘ध्वजनौका’ या शब्दावरच दोन दिवस गेले. सगळ्यात मोठी, सगळ्यात जास्त तोफांची ती ध्वजनौका, असं पोरांच्या डोक्यात होतं. खरं तर ज्या जहाजावर ताफ्याचा प्रमुख राहतो आणि ज्याच्या डोलकाठीवर त्याचा ध्वज चढतो, ती ध्वजनौका. ती सगळ्यात मोठी असेलच असं नाही. तिच्यावर प्रमुखाची माणसं, नकाशे आणि संदेशांची यंत्रणा मावली पाहिजे, आणि बाकीची जहाजं परतली तरी ती जागेवर थांबू शकली पाहिजे.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. आमच्या मुलांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही सहलीला गेल्यावर. म्हणून मी त्यांना सातवाहनांची गोष्ट सांगितली. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, समुद्रापासून कितीतरी आत. तरी सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलेलं आहे. नाव तिथंच ठरलं: ‘प्रतिष्ठान’. प्रमुखाला ‘ॲडमिरल’ म्हणायचं की ‘सरखेल’, यावर मतदान झालं आणि कान्होजी आंग्र्यांचा ‘सरखेल’ नऊ विरुद्ध दोन मतांनी जिंकला.

सेवेचा इतिहास कसा लिहायचा हे कळावं म्हणून मी फळ्यावर ‘विराट’चं आयुष्य मांडलं. १९४४ साली इंग्लंडमध्ये बांधायला घेतलेलं जहाज १९५३ मध्ये पाण्यात उतरलं आणि १९५९ मध्ये ‘हर्मिस’ या नावानं ब्रिटिश नौदलात दाखल झालं. आधी ते विमानवाहू होतं, मग कमांडो नेणारं झालं, मग पाणबुड्यांच्या मागावर राहणारं, आणि शेवटी डेकच्या टोकाला चढण बांधून हॅरियर विमानं उडवणारं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ते ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होतं. १२ मे १९८७ रोजी ते ‘विराट’ म्हणून आपल्या नौदलात आलं, ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झालं आणि २०२० मध्ये तोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्याला लागलं. मुलांना यातली एक गोष्ट फार लागली. ज्यांनी ते जहाज आखलं, त्यांना हॅरियर नावाचं विमान कधी होणार आहे हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे नौका आखताना तिच्या पहिल्या दिवसापुरतं बघून भागत नाही, तिचं म्हातारपणही आखावं लागतं. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर एका मुलीनं हेच आपल्या शब्दांत लिहिलं: “नौका किती वर्ष जगणार हे आधी ठरवा, मग कागद घ्या.”

एका गाडीचं पाणी

किती वर्षं, हे ठरवायला आम्हाला पाण्यानंच मदत केली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. या मुलांपैकी काही जण तेव्हा मांडीवर होते, काहींचा जन्मही झाला नव्हता. पण त्या गाडीचं ‘जलदूत’ हे नाव त्यांच्या घराघरांत आहे. त्यामुळं नौकेत पाणी किती भरायचं असं विचारल्यावर कोणी टनांत किंवा घनमीटरात उत्तर दिलं नाही. “एक गाडी भरा,” म्हणाले.

मग हिशेब मांडला. अवकाश स्थानकावर माणशी रोज चार लिटरच्या आसपास पाणी लागतं, पण तिथं आंघोळ म्हणजे ओल्या कपड्यानं अंग पुसणं. वर्षानुवर्षं राहायचं तर एवढ्यावर भागणार नाही, म्हणून माणशी वीस लिटर धरले. गावाकडच्या नळयोजनांचं सरकारी माप माणशी पंचावन्न लिटर आहे, त्याच्या निम्म्याहून कमी. चारशे माणसांना रोज आठ हजार लिटर. एका गाडीचं पाणी तीनशे बारा दिवस पुरेल. म्हणजे वर्षही निघत नाही.

इथं बरीच पोरं हिरमुसली. तोफावाल्यानं तर माणसं कमी करू म्हणून सुचवलं. पण अवकाश स्थानकावरचं पाणी संपत नाही, फिरत राहतं: घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून परत पिण्यालायक केलं जातं. २०२३ साली नासानं जाहीर केलं की तिथं ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. हेच प्रमाण आम्ही ‘प्रतिष्ठान’ला लावलं. आठ हजारातले दोन टक्के, म्हणजे रोजचे एकशे साठ लिटर तेवढे हातचे जाणार. पंचवीस लाखाला एकशे साठनं भागलं: पंधरा हजार सहाशे पंचवीस दिवस. वर्षं जवळजवळ त्रेचाळीस.

खोलीत एकदम शांतता झाली. मुलांना तेव्हा काय वाटलं ते मी सांगू शकणार नाही, माझ्या मात्र अंगावर काटा आला. ज्या गाडीची वाट बघत एक शहर रात्र रात्र जागलं, तेवढंच पाणी नीट फिरवलं तर चारशे माणसं त्रेचाळीस वर्षं जगतात. नौकेचं आयुष्य तिथंच ठरलं.

कावड

आता या नौकेचा आकार. पहिल्या चित्रातला किलोमीटरभर लांब भाला पहिल्याच आठवड्यात गेला. वजनहीन अवस्थेत वर्षानुवर्षं राहिलं तर हाडं झिजतात, स्नायू सुकतात, त्यामुळं राहण्याची जागा गोल फिरवून माणसांना खाली दाबणारा जोर निर्माण करणं भाग होतं. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ सगळ्यांनी पाहिलेला. लाकडी भिंतीवर मोटारसायकल ज्या जोरामुळं चिकटून राहते, तोच हा. फार भरभर फिरवलं तर माणसाला भोवळ येते, म्हणून मिनिटाला दोन फेऱ्या एवढंच ठेवायचं ठरलं. तेवढ्यात पृथ्वीइतकं वजन भासायला त्रिज्या दोनशे चोवीस मीटर लागते.

या त्रिज्येचं अख्खं चाक बांधायचं तर परीघ चौदाशे मीटर, आणि साहित्य अफाट. मग दहावीतला एक मुलगा, ज्याचं आजोळ पैठणचं, तो म्हणाला, “चाक कशाला? श्रीखंड्याची कावड करू.” नाथांच्या वाड्यात कावडीनं पाणी वाहणारा श्रीखंड्या म्हणजे साक्षात देव, ही कथा आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. नाथषष्ठीच्या सुमारास तो रांजण भरायला आजही भाविकांची रांग लागते. कावडीचा दांडा, दोन टोकांना दोन घागरी. ‘प्रतिष्ठान’ची रचना तीच झाली: चारशे अठ्ठेचाळीस मीटरचा दांडा, दोन टोकांना दोनशे-दोनशे माणसांच्या दोन वस्त्या, आणि मध्ये, खांद्याच्या जागी, न फिरणारा आस. आसाच्या मागच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, अणुभट्टी आणि आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत मागं फेकून, चालणारी इंजिनं.

इंजिनं लांब ठेवायची कल्पना नवी नाही. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतली ‘एंटरप्राइज’ आखताना मॅट जेफ्रीज यांनी हाच विचार केला होता, की एवढी ताकदीची इंजिनं धोकादायक असणार, तेव्हा ती माणसांपासून दूर खांबांवर हवीत. त्या नौकेची चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती अकरा फुटांची आहे आणि आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिची डावी बाजू कधी नीट सजवलीच नव्हती, कारण दिव्यांच्या तारा त्या बाजूनं आत जायच्या आणि कॅमेऱ्यापुढं उजवीच बाजू यायची. मी मुलांना बजावलं की आपल्या नौकेला दोन्ही बाजू पाहिजेत, कारण आपण ती कॅमेऱ्यासाठी बांधत नाही.

वेगाचं थोडक्यात सांगतो. ‘प्रकाशाच्या निम्मा’ गेला. त्याच्या जागी ‘डॉन’ या खऱ्या यानाचा आदर्श आला. २००७ मध्ये निघालेलं हे यान २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाला आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाला पोचलं, तेही अशा आयन इंजिनावर ज्याचा जोर एका कागदाच्या वजनाएवढा. पण तो जोर महिनोन्‌महिने चालू राहतो. आमच्या ताफ्याचा मुलूख म्हणून मंगळापासून लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंतच राहिला. तोफा तेराच्या दोन झाल्या.

पत्र्याचं घर

यावर मात्र रेंगाळायला हवं, कारण इथं मुलं माझ्या पुढं होती. अवकाश गार असतं, नौकेला हीटर लागतील, असं बहुतेक पुस्तकी उत्तर येतं. मी विचारलं तेव्हा पत्र्याच्या घरात राहणारा एक मुलगा म्हणाला, “सर, हवाच नाही तर गरमी जाईल कुठून? आमच्यात दुपारी दार लावलं की भट्टी होते.” बरोबर बोलला. नौका म्हणजे उलट्या कामाचा थर्मास. भोवती पोकळी, त्यामुळं आतली उष्णता वाऱ्यानं जात नाही, स्पर्शानं जात नाही, ती केवळ प्रारणानं, किरण होऊन बाहेर पडते.

सत्तावीस अंश सेल्सिअसचा एक चौरस मीटरचा पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून नऊशे वॉटच्या थोडी वर उष्णता फेकतो. अणुभट्टीची वाया जाणारी उष्णता आम्ही दहा मेगावॉट धरली होती. म्हणजे सुमारे दहा हजार नऊशे चौरस मीटर पत्रा. मुलांनी लगेच एकरात आणलं: पावणेतीन एकराला थोडं कमी. “आमचं रान तेवढंच हाय,” असं एक जण म्हणाला, आणि एवढा पत्रा टांगायचा कुठं म्हणून सगळे विचारात पडले. सुटका अशी की प्रारण तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. पत्रा निरपेक्ष मापानं, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजून, दुप्पट तापवला, म्हणजे तीनशे सत्तावीस अंशांवर नेला, तर तो सोळापट उष्णता फेकतो आणि पावणेतीन एकराचे सात गुंठेही उरत नाहीत. भट्टीची उष्णता तेवढी तापलेली मिळू शकते. माणसांची मिळत नाही. माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो, तीही कोमट. म्हणून वस्त्यांसाठी वेगळे थंड पत्रे आणि भट्टीसाठी वेगळे कडक तापणारे, अशी दोन जाळी आली. दोन्ही सूर्याकडे कड करून उभी, म्हणजे ऊन अंगावर कमीत कमी.

माळवद

सौरवादळाचं काय करायचं, हा शेवटचा मोठा प्रश्न. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावरून प्रोटॉनांचा प्रचंड लोंढा सुटला होता. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरात निघालं, म्हणून त्या वेळी चंद्रावर कोणी नव्हतं. असले कण अडवायला जाड धातूपेक्षा पाणी बरं, कारण त्यात हायड्रोजन भरपूर. आमच्याकडं पंचवीस लाख लिटर होतंच. सोळा मीटर व्यासाचा, चाळीस मीटर लांबीचा एक दंडगोल आसरा घेतला आणि त्याच्याभोवती ते पाणी लपेटलं, तर थर जवळजवळ एक मीटरचा होतो. आत माणशी वीस घनमीटर जागा. वादळाचे दोन-चार दिवस काढायला पुरेशी. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे वैश्विक किरण एवढ्यानं पुरते थांबत नाहीत, ते मुलांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

हा आसरा कुठं ठेवायचा यावर एक जण म्हणाला, वस्तीच्या वर, छपरासारखा. तेव्हा एका मुलीनं जोरात मान हलवली. तिचं घर पुनर्वसन झालेल्या गावात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागात माणसं मेली ती दगडमातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदांच्या वजनाखाली. माळवद म्हणजे लाकडावर मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात घर गार ठेवतं, आणि त्या पहाटे तेच अंगावर आलं. तिच्या आजीनं सांगितलेलं ती एकाच वाक्यात बोलली: “डोक्यावर वजन नको.”

त्यापुढं वाद घालण्यासारखं काही नव्हतं. फिरणाऱ्या वस्तीत अडीच हजार टन पाणी ठेवलं तर ते खरोखरच अडीच हजार टनांचं ओझं होतं आणि दांड्याला ताण देतं. मधल्या न फिरणाऱ्या आसात ठेवलं तर त्याला वजनच नाही. आसरा आसात गेला. त्याचं नाव मुलांनी ‘माळवद’ ठेवलं. गार ठेवणारं, राखणारं, पण कोणाच्या डोक्यावर नसलेलं.

सेवेचा इतिहास

इंधन वगळून नौका सात हजार टनांची धरली: दीड-दीड हजार टनांच्या दोन वस्त्या, चार हजार टनांचा आस. एवढं झाल्यावर मुलं दैनंदिनी लिहायला बसली. नोंदी पुष्कळ आहेत, त्यातल्या मोजक्या देतो.

पहिल्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन. ध्वजनौका म्हटल्यावर सोहळा मोठा. चारशेच्या चारशे माणसं एका वस्तीत जमली. तिकडच्या दोनशेंचं वजन चौदा टन धरा. एक घागर चौदा टनांनी जड, दुसरी तेवढ्यानं हलकी. कावडीचा तोल गेला. वजनाचा मध्य आसापासून नव्वद सेंटिमीटर सरकला आणि अख्खी नौका डुगडुगायला लागली. हा हिशेब मी शिकवलेला नव्हता. मुलांनी समारंभ लिहिला आणि मग आपणहून विचारलं, की सगळी एकीकडं गेली तर कावड कलंडेल ना? त्यावरून पहिली दुरुस्ती आली. दोन्ही टोकांना तोलाच्या टाक्या, आणि माणसं जातील त्याच्या उलट बाजूला तेवढंच पाणी पंपानं ढकलायचं. चौदा हजार लिटर म्हणजे एका टँकरहून थोडं जास्त. टाक्या बसेपर्यंत हुकूम निघाला की ध्वजवंदन दोन्ही वस्त्यांत एकाच वेळी, वेगवेगळं होईल.

नवव्या वर्षी एका वाळूएवढ्या खड्यानं थंड पत्र्याची नळी फोडली. खरोखरच्या अवकाश स्थानकावर मे २०१३ मध्ये अमोनियाची गळती झाली तेव्हा दोन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन पंपाची पेटी बदलली होती. मुलांनी तीच घटना नजरेसमोर ठेवून ही नोंद लिहिली. पत्र्यांचे कप्पे केले, आमच्याकडं ठिबकच्या नळीला जागोजागी कॉक असतात तसे.

मधली दहा-बारा वर्षं मोहिमांची आहेत. भरकटलेलं मालवाहू यान ओढून आणणं, सेरेसच्या कक्षेत संदेशांचा तळ उभारणं, दोन वेळा सरखेल बदलणं. मुलांनी ती हौसेनं लिहिली, वाचायला छान आहेत, पण आराखड्याबद्दल त्यांतून काही नवं कळत नाही.

एकविसावं वर्ष मात्र मी विसरणार नाही. तोफावाल्या मुलाकडं त्या वर्षाचं लेखन होतं. त्याला सौरवादळ हवं होतं, थरार हवा होता. वादळ आलं, चारशे माणसं माळवदात शिरली, दार लागलं. आणि लिहिता लिहिता तो थांबला. वही घेऊन माझ्याकडं आला. “सर, आपण रोज पाणी पितोय कुठलं?”

माळवदातलं. रोजचे एकशे साठ लिटर त्याच भिंतीतून कमी होत होते. एकवीस वर्षांत बारा लाखांहून जास्त लिटर गेलं. एक मीटरचा थर अर्ध्या मीटरवर आला. पाण्याचा हिशेब बरोबर होता, भिंतीचाही बरोबर होता, पण दोन्ही हिशेब एकाच पाण्याचे आहेत हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्रेचाळीस वर्षं पुरेल म्हणताना त्रेचाळिसाव्या वर्षी आसऱ्याची भिंत कोरडी असेल, हे आम्हाला दिसलं नाही. दाखल व्हायच्या दिवशीची नौका निर्दोष होती. दोष वयासोबत येणार होता, आणि रोजची नोंद लिहायला कोणी बसलं नसतं तर तो कागदावर कधी उमटलाच नसता.

तीन दिवस भांडणं झाली. एक गट म्हणाला, माणशी वीसाचे दहा लिटर करा. दुसरा म्हणाला, सेरेसवर बर्फ आहे, तिथून भरून आणा. ते होऊ शकतं, पण खणायची यंत्रं मूळ आराखड्यात नव्हती आणि वादळ तर आलेलं होतं. पाण्याबद्दल पहिला प्रश्न विचारणारी मुलगी हे सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, जे दोन टक्के हातचं जातं, ते जातं कुठं? काही वायू होऊन जातं, काही गाळ होऊन उरतं, मी म्हणालो. खारट, घाण, पिण्याच्या उपयोगाचं नाही असं. “मग फेकायचं कशाला? भिंतीला थोडंच प्यायचंय.”

किरण अडवायला पाणी स्वच्छ असावं लागत नाही. २०१३ साली अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो यांनी मांडलेल्या मंगळ मोहिमेच्या प्रस्तावातही माणसांचा मैला पिशव्यांत भरून भिंतींना लावायचा विचार होता. तिला ते ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते शोषखड्ड्याचं गाव, जिथं सांडपाणी गटारात सोडत नाहीत, अंगणातच मुरवतात.

जाणाऱ्या पाण्यातलं निम्मं गाळ होऊन नौकेतच उरतं असं आम्ही धरलं. मग एकविसाव्या वर्षी भिंत अर्ध्या मीटरऐवजी पाऊण मीटरच्या आसपास राहते, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा अर्धा मीटर. बाविसाव्या वर्षीची मोठी डागडुजी तीच: माळवदाचे दोन थर, आत पिण्याचा हौद, बाहेर गाळाचा. जसजसा आतला उतरेल तसतसा बाहेरचा चढेल. मुलांनी मागं जाऊन पहिल्या वर्षापासूनचा आराखडा बदलला नाही. मी सुचवलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. चूक झाली ती इतिहासात राहू द्या, म्हणाले, ‘विराट’चे फेरफार पण राहिलेत. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

हस्तलिखित एका प्रदर्शनात नेलं होतं. तिथल्या परीक्षकांनी पहिलं पान उघडून “ही गोष्ट आहे, विज्ञान नव्हे” असं म्हणून मिटवलं. कावडीचा तोल ज्या पानावर मांडलाय, तिथपर्यंत ते गेलेच नाहीत. मुलं परतीच्या एस.टी.त गप्प होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण एकविसाव्या वर्षाचं पान वाचलं असतं तर मुलांनी तिथं काय केलं ते कुणालाही समजलं असतं.

शेवटचं वर्ष कोणी लिहायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी तोफावाल्याला निघाली. ‘प्रतिष्ठान’ अलंगसारख्या किनाऱ्याला लावायची नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. दांडा सोडवून दोन्ही वस्त्या नव्या नौकेला द्यायच्या, आणि गाळानं भरलेलं माळवद सेरेसभोवती फिरत ठेवायचं. वादळात सापडलेल्या कोणत्याही यानाला आसरा म्हणून, कुणाचंही असो.

त्यानं ती नोंद वहीत लिहिली नाही. तेरा तोफांचं पहिलं चित्र काढलं, उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, चिकटपट्टीच्या दोन रेघांच्या मधोमध लिहिलं:

“सेवावर्ष ४३. आतला हौद रिकामा. बाहेरचा भरलेला. माळवद शाबूत. माणसं ४००, सगळी उतरली. कावड खाली ठेवली.”